योर्डानच्या कालव्यांकाठी: अ‍ॅम्स्टरडॅममध्ये कुठे खावं, काय खावं

शुक्रवार

अ‍ॅम्स्टरडॅमच्या सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलं की समोर डामराक. रस्त्याच्या एका अंगाला खाण्याच्या दुकानांची रांग: चॉकलेटमध्ये बुडवलेले वाफल, पिझ्झाचे तुकडे, काचेमागे कधीपासून ठेवलेले बर्गर. प्रवासाने पोटात कावळे ओरडत असतात आणि पाय तिथेच थांबायला बघतात. तेवढा दम मात्र धरायचा. पश्चिमेकडे पंधरा-वीस मिनिटं चाललं की योर्डान लागतं. खायचं ते तिथे.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि आत्या. नवरा शाकाहारी, अंडं चालतं. आत्या वेंगुर्ल्याची, मासळीच्या बाबतीत तिच्या नाकाला फसवणं अजून कुणाला जमलेलं नाही. मी सगळं खाते. तीन तऱ्हेच्या जिभा एका टेबलावर बसवायच्या असल्यामुळे निघण्याआधीच मी बराच अभ्यास केला होता.

आधी या भागाची थोडी ओळख, कारण ती नसली तर इथलं जेवण अर्धंच कळतं. १६१३ साली शहराभोवती हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे कालवे खणायला घेतले. धनिक व्यापाऱ्यांच्या हवेल्या पहिल्या दोन कालव्यांवर. प्रिन्सेनग्राख्तच्या पलीकडे योर्डान: कारागीर, मजूर आणि धर्मच्छळामुळे पळून आलेले लोक यांची दाटीवाटीची वस्ती. हवेल्यांसाठी रेषा आखून कालवे काढले, योर्डानमध्ये मात्र आधीच्या कुरणांतले चरच रुंद केले. म्हणून तिथल्या गल्ल्या कालव्यांना तिरक्या जातात आणि नवखा माणूस हमखास गोंधळतो. २०१० मध्ये युनेस्कोने कालव्यांच्या या पट्ट्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. योर्डानमधली घरं आज महाग झाली आहेत, पण खाण्याच्या जागा अजून बऱ्याचशा लहान, बुटक्या आणि घरगुती आहेत.

जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाला मावळतो. उजेड बघून जेवायला अजून खूप वेळ आहे असं वाटत राहतं, पण इथली माणसं सहा-साडेसहाला जेवायला बसतात आणि साडेनऊच्या सुमारास बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. म्हणून सामान खोलीवर टाकलं आणि तडक प्रिन्सेनग्राख्त १९१ गाठलं. तिथे ‘द पॅनकेक बेकरी’ आहे, कालव्याकाठच्या जुन्या गोदामात, खाली लाकडी तुळयांच्या छताखाली. डच पानेकूक हा नाश्त्याचा प्रकार नाही, ते रात्रीचं जेवण आहे. थाळीच्या कडेपर्यंत पसरलेला, पातळ आणि मऊ. वर घालायचं ते पिठातच भाजतात, त्यामुळे ते वेगळं निघून येत नाही. नवऱ्याने चीज घेतलं आणि त्यावर टेबलावरचं स्ट्रोप ओतलं. हा बीटच्या साखरेचा काळसर, दाट पाक. खारट चीज आणि हा पाक ही जोडी करून बघाच. आत्याने सफरचंद आणि बेदाणे घेतले, मी डुकराच्या मांसाच्या पातळ चकत्या. एका माणसाला एक पुरतो आणि उरतोही. लहान मुलं बरोबर असली तर पोफर्चेस मागवा: बकव्हीटच्या पिठाचे इवलेसे फुगीर गोळे, वर लोणी आणि पिठीसाखर.

शनिवार

योर्डानमध्ये एकच दिवस काढणार असाल तर तो शनिवार असू द्या.

नोर्डरकेर्क या १६२३ साली बांधून झालेल्या चर्चच्या भोवती नोर्डरमार्क्ट भरतो. शनिवारी तिथे सेंद्रिय शेतमालाचा बाजार असतो आणि शेतकरी स्वतः बसलेले असतात. आम्ही नऊच्या आधी पोचलो, तेव्हा टेबलांवर माल मांडणं अजून चाललं होतं. मातीचा वास असलेले बटाटे, अळंब्यांच्या टोपल्या, शेळीच्या दुधाचं चीज, काळसर रायची पावं, आणि स्ट्रॉबेरी. इथल्या जूनमधल्या स्ट्रॉबेरीला आत्यानेही दाद दिली, आणि ती फळांचं कौतुक सहजासहजी करत नाही. पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसच्या जुड्याही होत्या. दक्षिणेकडच्या लिंबुर्ख प्रांतात तो मातीच्या उंच वरंब्याखाली वाढवतात, ऊन लागू देत नाहीत, म्हणून रंग धरत नाही. २४ जूनला, म्हणजे संत योहानाच्या दिवशी, त्याचा हंगाम संपला असं मानतात. त्यानंतर झाडाला पुढच्या वर्षासाठी विश्रांती.

बाजाराच्या कोपऱ्यावर ‘विंकल ४३’. इथला आपलटार्ट, म्हणजे डच अ‍ॅपल पाय, खायला जगभरातून लोक येतात आणि दहा वाजल्यानंतर रांग वाढतच जाते. रांगेत उभं राहण्याजोगं त्यात काय आहे? तुकडा वीतभर उंच नसेल, पण चांगला जाडजूड. बाहेरचं कवच केक आणि बिस्किट यांच्या मधलं, कडेला खुसखुशीत आणि आतून रसाने ओलसर. सफरचंद किसलेलं किंवा शिजून गळलेलं नाही. फोडी मोठ्या, दाताखाली येतात, किंचित आंबट. दालचिनी भरपूर. बाजूला फेटलेल्या सायीचा ढीग, त्यात साखर जेमतेम. ती साय हवी का असं विचारतात, तेव्हा हो म्हणा, कारण तिच्याशिवाय ते आंबट-गोड गणित जुळत नाही. बाहेरच्या बाकावर आम्ही तिघांनी दोन तुकड्यांवर ताव मारला. आत्याने तिसरा मागवायला लावला.

तिथून दोन मिनिटांवर लिंडेनग्राख्त. नावात कालवा आहे, पण पाणी नाही. १८९५ मध्ये तो बुजवला. इथेही शनिवारीच बाजार भरतो, आणि हा खऱ्या अर्थाने शेजारपाजाऱ्यांचा बाजार. याच जागी जुलै १८८६ मध्ये मोठा गोंधळ झाला होता. तेव्हा पाणी होतं. त्यावर दोर बांधून त्याला जिवंत वाम लटकवायची आणि होडीतून उभं राहून ती ओढून काढायची, असा एक खेळ इथले गरीब लोक खेळत. त्यावर बंदी होती. पोलिसांनी दोर कापला आणि भडका उडाला. दुसऱ्या दिवशी सैन्य आलं, गोळीबार झाला, २६ माणसं मेली. इतिहासात याला ‘वामेचा दंगा’ म्हणतात. खेळ क्रूर होता यात शंका नाही, पण इतकी माणसं मरायचं कारण नुसती वाम नव्हती. त्यामागे योर्डानची भूक आणि साचलेला राग होता. बाजारात भाजीच्या पिशव्या घेऊन हिंडताना हे आठवून मला गलबलून आलं.

मासळीच्या गाडीसमोर आत्या थांबली ती हललीच नाही. हंगाम हारिंगचा होता. जूनच्या मध्यापासून ‘होलान्त्से निउवे’, म्हणजे त्या वर्षीची पहिली हारिंग, बाजारात येते. हे नाव लावायचं तर मासळीत किमान १६ टक्के चरबी असावी लागते. मासा पकडला की गिल आणि बहुतेक आतडी काढतात, पण स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात. त्यातल्या पाचक रसाने मांस मुरतं आणि मऊ होतं. मग हलकं मीठ. खायच्या आधी मासा अतिथंड गोठवावाच लागतो, जंत असले तर मरावेत म्हणून. तेव्हा ‘कच्ची’ म्हणतात तरी ती नुसती कच्ची नसते; मीठ, मुरणं आणि गारठा या तिन्हींतून आलेली असते.

गाडीवरच्या माणसाचा हात बघण्यासारखा होता. शेपटीकडून साल एका ओढीत उतरली, लहान पातळ सुरीने मणका अख्खा निघाला, शेपूट तेवढी जागेवर. इतर गावांत शेपटीला धरून मासा तोंडावर धरतात आणि खालून खातात. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये त्याचे तुकडे करतात, बाजूला बारीक चिरलेला कांदा आणि गोडसर काकडीचं लोणचं, वर काडीला लावलेला इवलासा डच झेंडा. आत्याने बशी आधी नाकाशी नेली. “वास येना नाय,” ती म्हणाली, “मासो ताजो आसा.” मग पहिला तुकडा. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. हारिंग जिभेवर लोण्यासारखी विरघळते, मागे समुद्राचा खारटपणा राहतो आणि कांदा त्याला धार लावतो. “तिरफळ नाय, कोकम नाय, तरी बरां लागता,” हा तिचा निकाल. दुसरी बशी तिने स्वतः बोटाने दाखवून मागवली.

ज्यांना असा मासा नको वाटतो त्यांनी त्याच गाडीवर किबलिंग घ्यावं: कॉडचे तुकडे पिठात घोळवून गरम तळलेले. स्टेशनजवळ राहत असाल तर सिंगल कालव्यावरच्या पुलावर ‘स्टुबे’ची हारिंगची गाडी आहे, तीही चांगली.

संध्याकाळी एगेलान्टिर्सग्राख्त १२ वर ‘त स्माले’. १७८० मध्ये पीटर होप्पे यांनी इथे येनेवर गाळायची भट्टी काढली होती. येनेवर म्हणजे जुनिपरच्या फळांचा वास असलेलं डच मद्य, जिनचा पूर्वज. काळवंडलेलं लाकूड, रंगीत काचा आणि बाहेर पाण्यालगत थोडी टेबलं. येनेवरचा नाजूक पेला काठोकाठ भरतात, इतका की उचलला तर सांडणारच. म्हणून पहिला घोट हात मागे ठेवून, वाकून घ्यायचा. नवऱ्याने तो विधी मनापासून पार पाडला. बरोबर मोहरीच्या चटणीसह बिटरबालन. हे गोल, तळलेले गोळे आत गोमांसाचे असतात, हे शाकाहारी माणसाने लक्षात ठेवायचं. चीज किंवा भाजी भरलेले मागता येतात. आत वाफाळतं सारण असतं, दोन मिनिटं थांबा, नाहीतर टाळू भाजलीच म्हणून समजा.

रविवार

सकाळ अ‍ॅन फ्रँकच्या घरात गेली. तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवडे पुढची खुली होतात, आणि बघता बघता संपतात. त्या घराबद्दल इथे फार लिहीत नाही, खाण्याच्या ओघात लिहायची ती जागा नव्हे. एक गोष्ट मात्र सांगते, कारण बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. अ‍ॅनचे वडील ऑटो फ्रँक यांचा धंदा खाण्याच्या वस्तूंचाच होता. ओपेक्टा ही त्यांची कंपनी मुरंब्यासाठी पेक्टिन विकायची, आणि पेक्टाकॉन ही दुसरी कंपनी सॉसेजवाल्यांना मसाले पुरवायची. प्रिन्सेनग्राख्त २६३ च्या खालच्या मजल्यावर मसाले दळले जात आणि वर आठ माणसं नाझींपासून लपलेली होती. बाहेर आल्यावर आम्ही बराच वेळ काहीच खाल्लं नाही.

दुपारी ‘नऊ गल्ल्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, रुन्स्ट्राटवरच्या ‘द कासकामर’मध्ये. छतापर्यंत चीजची चाकं रचलेली. गौडा चीज वयावर ओळखायचं: काही आठवड्यांचं कोवळं, मऊ आणि दुधाळ, दोन वर्षांच्या पुढचं ठिसूळ, नारिंगी, आत पांढरे कण चमकतात आणि चव खमंग, जवळजवळ टॉफीकडे झुकणारी. चाखायला देतात, संकोच करू नका. आम्हाला वेड लावलं ते जिऱ्याच्या चीजने. लायडनच्या चीजमध्ये जिरं घालायची पद्धत जुनी आहे, फ्रीसलंडच्या चीजमध्ये लवंगही घालतात. पारंपरिक डच चीजला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य, लागतं, तेव्हा काटेकोर शाकाहारी असाल तर वनस्पतिजन्य रेनेटचं आहे का, हे विचारून घ्या. दुकानदार नीट सांगतात.

रात्री इंडोनेशियन जेवण. नेदरलँड्समध्ये येऊन इंडोनेशियन का, असा प्रश्न कुणाला पडला तर माझं उत्तर स्पष्ट आहे: हेच या शहराचं जेवण आहे. रायस्ताफल, म्हणजे भाताभोवती मांडलेल्या अनेक लहान वाट्यांचा थाट, जावा-सुमात्रामधल्या डच साहेबांनी तिथल्या पदार्थांतून उभा केला. स्पाउस्ट्राटवरच्या ‘कान्चिल एन द टायगर’मध्ये शाकाहारी रायस्ताफल मिळतो. गाडो-गाडो (शेंगदाण्याच्या सॉसमधल्या भाज्या), टेंपे (आंबवलेलं सोयाबीन), नारळाच्या दुधातल्या भाज्या, झणझणीत चवळीच्या शेंगा, भाजलेल्या खोबऱ्याचं शेंगदाणे घातलेलं सेरुन्डेंग. फक्त सांबल या मिरचीच्या चटणीत त्रासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, असते आणि क्रूपूक हे पापड कोळंबीचे असतात, ते आधी विचारावं. आत्याने रेंडांग या मसाल्यात आटवलेल्या मांसातलं खोबरं बोटाने तपासलं आणि मान डोलावली.

पदार्थात जायफळ होतं. इथे घराघरांत फ्लॉवर आणि फरसबीवरही ते किसून घालतात. या जायफळासाठीच १६२१ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर यान पीटर्सझोन कून याच्या फौजेने इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच्या हजारो लोकांना मारलं किंवा देशोधडीला लावलं, कारण तेव्हा जायफळ जगात दुसरीकडे कुठेच पिकत नव्हतं. हेरेनग्राख्तवरच्या देखण्या हवेल्यांच्या पैशात त्याचाही वाटा आहे. जेवण उत्तम होतं, आणि ही गोष्टही खरी आहे. दोन्ही सांगितल्याशिवाय मला पुढे लिहिता येत नाही.

सोमवार

सकाळी ब्राउवर्सग्राख्त. बिअर बनवणाऱ्यांचा हा कालवा, दोन्ही काठांवर उंच गोदामं, खिडक्यांना लाकडी झडपा आणि माथ्यावर माल वर ओढायच्या तुळया, लोखंडी आकड्यांसकट. आत्या एका गोदामासमोर उभी राहून म्हणाली, “आमच्या वखारीचो बाप ह्यो.” वेंगुर्ल्याला डचांची वखार होती, १६३७ पासून, पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या जहाजांना तिथून रसद जायची. तिचे अवशेष आत्याने लहानपणापासून पाहिलेत. आता त्याच वलंदेजांच्या गावात उभी राहून ती आकडे न्याहाळत होती.

याच कालव्याच्या टोकाला, प्रिन्सेनग्राख्त २ वर, ‘पापेनआयलंड’ हा १६४२ पासूनचा कॅफे. भिंतीला डेल्फ्टच्या निळ्या फरशा, जुनी शेगडी, धुराने तपकिरी झालेलं छत. कालव्याखालून पलीकडच्या गुप्त कॅथलिक चर्चकडे जाणारं भुयार इथे होतं अशी दंतकथा सांगतात. २०११ मध्ये बिल क्लिंटन इथे आले होते आणि त्यांनी आपलटार्ट खाल्ला. माझं मत विचाराल तर आपलटार्ट विंकलचा सरस, पण बसायची जागा ही. सकाळी गर्दी नसते, कॉफी चांगली मिळते आणि कुणी उठवत नाही.

दुपारी कालव्यांचा पट्टा ओलांडून आल्बर्ट काउप बाजारालगत गेलो, सुरिनामी रोटी खायला. १८७३ च्या जूनमध्ये ‘लाला रूख’ जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीत, पोचलं. १९१६ पर्यंत सुमारे ३४,००० माणसं तशी गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास तिथले असंख्य लोक नेदरलँड्सला आले आणि त्यांची रोटीही आली. वाटलेली डाळ भरलेली मोठी, मऊ रोटी, मसाल्याचा बटाटा, चवळीच्या लांब शेंगा, अख्खं उकडलेलं अंडं. नवऱ्याचं या प्रवासातलं सगळ्यात आवडतं जेवण हेच ठरलं. सोबत ‘बारा’ नावाचा उडदाच्या पिठाचा वडा, आणि मादाम जानेत मिरचीची चटणी. ती अगदी कणभर घ्यायची. गल्ल्यावरच्या बाईंनी आत्याची साडी बघून कुठल्या गावच्या, असं विचारलं. त्यांचे पणजोबा बिहारमधून गेलेले. त्यांच्या सरनामी बोलीला आत्याच्या हिंदीने उत्तर दिलं आणि आमच्या टेबलावर एक जादा ‘बारा’ आला.

येताना फूटबोखस्ट्राटवरच्या ‘व्लेमिंक्स’मध्ये बटाट्याच्या जाड फ्राइज, कागदी शंकूत. वर मेयोनीज, शेंगदाण्याचा साते सॉस आणि कच्चा कांदा घालतात, त्याला ‘युद्ध’ असं नाव आहे. कुठल्या तेलात तळतात ते विचारून घ्या, काही ठिकाणी जनावरांची चरबी वापरतात.

रात्री रोझेनग्राख्त २५१ वरचं ‘मूडर्स’. याच रस्त्यावर रेम्ब्रांटने शेवटचे दिवस काढले. इथे भिंतीभर आयांचे फोटो आहेत, पाहुण्यांनी दिलेले. १९९० मध्ये हॉटेल उघडलं तेव्हा लोकांनी आपापल्या घरची ताटं आणली, म्हणून दोन ताटं एकसारखी सापडत नाहीत. स्टाम्पपॉट मागवा: कुस्करलेल्या बटाट्यात मिसळलेली भाजी, मध्ये खळगा करून रस्सा. बटाटा-गाजर-कांद्याचा हुत्सपॉट १५७४ मध्ये स्पॅनिश वेढा उठल्यावर लायडनच्या लोकांना पळून गेलेल्या सैन्याच्या तळावर सापडला, अशी कथा आहे आणि दर ३ ऑक्टोबरला तिथे तो खातात. साधा, पोटभर पदार्थ. पण बटाट्याला इथे हलकं लेखू नये. १९१७ च्या जूनमध्ये, महायुद्धाच्या टंचाईत, प्रिन्सेनग्राख्तवर बटाट्यांनी भरलेली बोट योर्डानच्या बायकांनी लुटली, मुलांना घालायला घरात काही नव्हतं म्हणून. पुढच्या दिवसांत सैन्याने गोळ्या चालवल्या आणि माणसं मेली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तर लोकांनी ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. त्या ताटातलं काहीही टाकावंसं वाटलं नाही.

अ‍ॅस्परॅगसही मिळाला, हंगामातला शेवटचा. वितळलेलं लोणी, कुस्करलेलं अंडं, नवे बटाटे. हॅम नको म्हटलं तर काढून देतात.

मंगळवार

निघायच्या सकाळी खोलीवरच नाश्ता केला: पावाला लोणी आणि त्यावर हागलस्लाग, म्हणजे चॉकलेटचे बारीक दाणे. मोठी माणसंही हे रोज खातात. लोणी मात्र कडेपर्यंत लावा, नाहीतर दाणे बशीत सांडतात.

मग खरेदी. चीज घेताना हवाबंद करून मागा, उन्हाळ्याच्या प्रवासातही टिकतं. सिंगल ३८५ वरच्या ‘लान्सक्रोन’मधून मधाचे स्ट्रोपवाफल घेतले, गरम कपावर दोन मिनिटं झाकण म्हणून ठेवायचे, आतला पाक सैल होतो. दालचिनी, लवंग, जायफळ, आलं आणि वेलदोडा असलेली स्पेक्युलास बिस्किटं आत्याने स्वतःच्या पिशवीत घातली, वेंगुर्ल्याच्या शेजारणींसाठी. योर्डानमधल्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांच्या दुकानातून खारट ड्रॉपही थोडे घेतले. हे ज्येष्ठमधाचे काळे तुकडे, त्यात नवसागर. डच लोकांना ते जिवापाड आवडतात. आत्याने एक चघळला आणि खोकल्यावर चांगला म्हणून आणखी एक पुडा घ्यायला लावला.